मंजुळा कुणाकडे

३ सप्टेंबर, बुधवार. ताम्हिणी

शिवणयंत्र गेलं. खालच्या आळीतले दोघे खांद्यावर घालून घेऊन गेले. यंत्रावर प्लास्टिक धरलं, मी मात्र भिजले. खाट, टेबल, स्टोव्ह यांच्यावर आधीच हक्क सांगून झालेत. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी रडते, डोळे पुसते, मग हळूच विचारते, "शिस्टर, ती बादली न्हेनार का?" जिवंतपणी आपली वाटणी बघायला मिळाली. राग नाही. म्हणजे थोडा आहे.

निघायचं मंगळवारी, सोळाला. पुण्याच्या चर्चचे पाळकसाहेब गाडी पाठवतो म्हणत होते. नको म्हटलं. एसटीने आले, एसटीने जाईन.

यावरून वस्तीत कुजबूज. सोळा तारीख पितरपाटात येते. धोंडिबा तोंडावरच म्हणाला, "पितरपाटात कुनी घर सोडतं व्हय, शिस्टर? पितरं वाटंत असत्यात."

आमच्यात तसं काही नसतं, मी म्हटलं.

"तुमच्यात नसंल. वाट तर आमचीच हाय की."

मी ट्रंकेला दोरी आवळायला घेतली.

त्याची बायको हिराबाई दिवसभर माझी भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा. मी इथे आले तेव्हापासून दवाखान्याची झाडलोट, चूल, पाहुणे, माझी शहरी भाषा, सगळं तिनेच सांभाळलं. 

प्रभू, सगळं तुझ्या हातात आहे असं लोकांना सांगता सांगता केस पांढरे झाले. पण ट्रंकेची दोरी घट्ट बसली का, हे मीच पुन्हा पुन्हा ओढून बघते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

रेंज फक्त खिंडीच्या वळणावर. छत्री धरून उभी राहिले. सुहासचा फोन. धाकटा भाऊ, दुसऱ्या आईचा. सावत्र हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला नाही. उच्चारला नाही म्हणून नव्हता असं नाही.

त्याची आई म्हणजे आमची नवी आई. जन्म गेला शेवगावच्या त्या घरात, तरी अजून 'नवी'च. जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. सुहासच्या बायकोची शाळा, त्याचं दुकान. मी सोडून करणार कोण? म्हणून हे सगळं आवरणं.

आज म्हणाला, "अक्का, ती आता दाराकडे बघून बोलायला लागलीय. सगुणा आली, सगुणा आली म्हणते. आणि घाबरते. सगुणा कोण ग?"

"माझी आई."

पलीकडे नुसता पाऊस ऐकू आला. की तो इकडचाच होता.

पन्नाशी गाठलेला माणूस. त्या घरात कुणी त्याला तिचं नाव सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. तिचा फोटो पुढच्या खोलीत होता. नवी आई यायच्या आदल्या दिवशी बाबांनी तो उतरवला, चादरीत गुंडाळला, पेटीत ठेवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. मला तो चौकोन आठवतो. चेहरा आठवत नाही. पुढच्या नाताळात रंग दिला, चौकोनही गेला.

६ सप्टेंबर, शनिवार

आज ओढ्यावर गणपती गेले. ताशाच्या आवाजात पेट्या भरल्या. पट्ट्या, बीपीचं यंत्र, मुलांच्या गीतांचे तक्ते नव्या सिस्टरसाठी वेगळे. ती दिवाळीनंतर येणार.

बिस्किटाच्या डब्यात, बटणांच्या खाली, हिराबाईचा टाक सापडला. मी तर विसरूनच गेले होते. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई, काळा दोरा. बाईचं नाक झिजून सपाट झालंय, गळ्यावर घासून घासून.

हिराबाई बिजवराला दिलेली. धोंडिबाची पहिली बायको मंजुळा गवताचा भारा घेऊन ओढा ओलांडताना पुरात गेली, मी इथे येण्याआधी. मागे तान्ही कमल. मग दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात वागवायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. नाहीतर पहिली येऊन धरते.

हिराबाईला फिट यायच्या. दोन मुलं पोटातच गेली. दवाखान्यात यायची, गोळ्या घ्यायची, मागच्या बाकावर बसून प्रार्थना ऐकायची. एका रविवारी तिने दोरा सोडला आणि टाक माझ्या हातात दिला. "शिस्टर, हिला तुमच्या देवापाशी ठिवा."

मी किती रडले होते त्या दिवशी. इथल्या माझ्या सगळ्या वर्षांचं हे एकच फळ मला बोट दाखवून सांगता येतं. पुण्यात सांगितलं, नगरला सांगितलं. "हिराबाईने टाक उतरवला." लोक 'आमेन' म्हणायचे.

म्हणून आनंदाने हाक मारली. "अगं, बघ काय सापडलं!"

ती दारात आली. टाक बघितला. पदर तोंडावर धरला आणि माझ्याकडे पाठ न करता मागच्या मागे गेली. चपलाही राहिल्या.

८ सप्टेंबर, सोमवार

पितरपाट लागला. हिराबाई काल आली नाही, आज नाही. तिच्या चपला घेऊन मीच वर गेले. चुलीपाशी बसली होती. चेहरा पिवळा. रक्त जातंय महिनोन् महिने. गर्भाशयात गाठ आहे, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अठराची तारीख मिळालीय. ती तारीख मिळवायला मी किती हेलपाटे घातले ते मलाच ठाऊक.

"म्या जानार न्हाई," म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. आठवतं तसं लिहिते.

"अगं पण तू तर टाक सोडलास ना? प्रभूवर विश्वास ठेवून?"

"म्या कवा म्हनलं सोडला? ठिवला. तुमच्याकडं ठिवला."

"माझ्याकडे का?"

"तुमाला नवरा न्हाई. ती तुमचं काय वाईट करनार? तिला बी बरं, तुमाला बी सोबत."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"एवढी वर्सं गप ऱ्हायली ती तुमच्यापाशी. आता तुमी निघाला. मग ती कुनाकडं ऱ्हानार? माज्या गळ्यात घालू म्हनलं तर दवाखान्यात सगळं काढून ठिवत्यात, मंगळसूत्र सुदिक. ती अशी मोकळी असताना म्या त्या टेबलावर निजू? भूल दिल्यावर मला काय कळनार, कोन येतंय?"

धोंडिबा दारात उभा. मी म्हटलं, हा ठेवेल की. तो दोन पावलं मागे सरला. नवऱ्याच्या हातात टाक देत नाहीत. तो तर तिचाच, ती त्याला आधी नेते.

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, आता उशीर करू नका. दिवाळीपर्यंत थांबलात तर मग आमच्या हातात काही राहणार नाही. ते मी हिराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "ठावं हाय."

चपला उंबऱ्याशी ठेवून आले.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून चिडचिड. कुणावर? हिराबाईवर नाही. तिने मला फसवलं नाही. तिने स्वच्छ सांगितलं होतं, मी मला हवं ते ऐकलं. फळ फळ म्हणून मिरवलं, आणि ती माझ्याकडे आपली सवत ठेवायला देऊन गेली होती, शेजारणीकडे किल्ली ठेवावी तशी.

पण फिट थांबल्या. पुढे धाकटा पोरगा झाला, जगला. ते कुणी केलं? प्रभू, तूच केलंस ना? मी विचारतेय, सांगत नाहीये.

दुपारी स्टोव्ह द्यायला ओढ्यापलीकडे गेले. येताना धुकं एकदम खाली आलं. सोनकीची पिवळी फुलं तेवढी दिसत होती. पलीकडच्या काठावर एक बाई, डोक्यावर गवताचा भारा. पाणी उतरायची वाट बघत असावी. मी हाक मारली, "येऊ का हात द्यायला?" ती हलली नाही. मी दगडांवरून जाईपर्यंत धुकं दाटलं. तिथे कुणी नव्हतं. गवताच्या काड्याही नव्हत्या.

कुणीतरी असेल. सगळ्याच बाया भारे आणतात. उगीच लिहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

खिंडीच्या वळणावर गेले, पाळकसाहेबांचा फोन. रविवारी पुण्याच्या मंडळीत निरोपाची उपासना, जेवण, शाल. "आणि सिस्टर, हिराबाईने टाक उतरवला ती साक्ष नक्की सांगा. तरुणांनी ऐकलीच पाहिजे."

मी टाकाचं सांगितलं, अर्धंच. ते मऊ आवाजात म्हणाले, "त्यात काय आहे? चांदीचा तुकडा. वाटेत नदी लागेल, सोडून द्या पाण्यात आणि पुढे व्हा."

बरोबरच आहे त्यांचं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण पाण्यात गेलेल्या बाईला पुन्हा पाण्यातच सोडायचं? 

संध्याकाळी भांड्यांची पेटी बांधत होते. दाराकडे पाठ. "ती सुतळी दे ग," म्हणाले, आणि हात मागे केला. सवयीने. मग आठवलं, हिराबाई शनिवारपासून आलेलीच नाही. हात तसाच मागे राहिला. वळायला धीर झाला नाही. सुतळी माझ्या गुडघ्यापाशी होती.

खोलीत ओल्या गवताचा वास आहे. पावसाळ्यात असतोच. पण बिस्किटाचा डबा उघडला की जास्त.

मी भूतबीत मानत नाही. भीती वाटत नाही असंही म्हणवत नाही. आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी आहे, ते कुणाला सांगू? एवढी वर्षं मी एकटी राहते असं समजत होते. हिराबाईच्या हिशेबाने आम्ही दोघी होतो. ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

वळणावर जाऊन कमलला फोन केला. मंजुळाची मुलगी. पुण्याजवळ सूसला दिलीय, तिथल्या सोसायट्यांत कामाला जाते. शनिवारी येते म्हणाली.

१३ सप्टेंबर, शनिवार

कमल आली, नवऱ्याच्या स्कूटीवर, पौडपासून पावसात भिजत. आधी वर जाऊन हिराबाईच्या पाया पडली. हिराबाईनेच वाढवलंय तिला, आणि सख्ख्या मुलापेक्षा कमी नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग खाली आली. मी चहा केला. एकुलती उरलेली कपबशी.

टाक पुढे ठेवला. तिने कधी हातात घेतला नव्हता. लहानपणी हिराबाईच्या गळ्यात लांबून बघायची, जवळ आली की हिराबाई पदराखाली सारायची.

खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ.

"नाकडोळं काईच दिसत न्हाई, शिस्टर."

"झिजलंय ग."

"सगळी तिला भ्यात्यात. आज्जी, बा, आई, समदी. तिची आठवन काढली की लगेच कोनतरी मीठमोहऱ्या उतरून टाकतंय. माजी आय हुती ना ती? एकादं मानूस तरी म्हनलं का, बरी हुती, हसायची, असं?"

मी तिला जवळ घेतलं. मी मंजुळाला पाहिलेलं नाही. मी माझ्या आईलाही...

तूच घेऊन जा, म्हटलं. तिने मान हलवली. सासूला कळलं तर घरात घेणार नाही. माहेरचं मेलेलं माणूस सासरच्या देव्हाऱ्यात चालत नाही. टाक टेबलावर ठेवला. स्कूटीवर बसताना म्हणाली, "आईला दवाखान्यात न्या, शिस्टर. कसं बी करून. एक आय गेली तवा मला कळत नव्हतं. आता कळतंय."

१४ सप्टेंबर, रविवार

पुणे. मंडळी भरलेली. शाल, हार, फोटो. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं, हिराबाईची साक्ष.

उभी राहिले. सगळ्यांचे चेहरे तयार, 'आमेन' ओठांवर. तोंड उघडलं आणि कोंबड्यांबद्दल बोलले. खरंच. ताम्हिणीत पहिल्या वर्षी मुंगसाने माझ्या कोंबड्या कशा खाल्ल्या, आणि वस्तीतल्या बायांनी न सांगता प्रत्येकी एक पिल्लू कसं आणून सोडलं. लोक हसले. एक म्हातारे रडलेसुद्धा. पाळकसाहेब जेवताना म्हणाले, "वेगळं बोललात." मी लोणचं मागितलं.

खोटं बोलले नाही, एवढंच. खरंही बोलले नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा म्हाळ आज असतो. धोंडिबा सकाळीच दारात. "हिरीनं बोलावलंय जेवायला. मंजुळाचं हाय." टाक माझ्याकडे आल्यापासून त्यांनी तिचा म्हाळ घातलाच नव्हता. ती आता शिस्टरकडं हाय, तितंच जेवत असंल, म्हणून.

मी अशा पानाला कधी बसले नाही. दाखवलेला नैवेद्य खावा की खाऊ नये, कुणाच्या विश्वासाला अडखळण होईल, यावर आम्ही बायबलच्या वर्गात दिवसचे दिवस घालवलेत. आज गेले. वडे, भाताची खीर, गवारीची भाजी, अळूचं पातळ. शेजारची एक सवाष्ण मंजुळाच्या नावाने जेवली, तिच्या शेजारी मी. प्रभू, पहिला घास घेताना तुझं नाव घेतलं. दुसऱ्या घासाला विसरले, भूक लागली होती.

जेवणं झाल्यावर हिराबाई भिंतीला धरून उभी राहिली. "शिस्टर, तिला तुमी बरुबर न्या. लांब. तुमच्या घरी. मंग मी दवाखान्यात जाते."

"हिराबाई, मी तिला नेलं म्हणून तू वाचणार नाहीस. वाचवणारा प्रभू आहे."

"व्हय की. तुमचा देव तिला हाकलत न्हाई, म्हनून तर तुमच्याकडं ठिवली. आमचे देवऋषी सगळे हाकलायलाच बगत्यात. ती जानार कुटं?"

एवढ्या वर्षांत मी जे शिकवायला गेले ते हिने भलत्याच वाटेने शिकून घेतलं, की मलाच शिकवलं, कळेना. हो म्हटलं.

मग तिने माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. मंजुळाची म्हणून, माझ्या पदरात. सासरी निघालेल्या मुलीची भरतात तशी. माझी ओटी आजवर कुणी भरली नव्हती. आमच्यात नसते, आणि मी तर बिनलग्नाची. पदर धरून उभी होते आणि हुंदका आवरेना. हिराबाई टाकाकडे बघून म्हणाली, "बाये, पोर संबाळली तुजी. आता राग धरू नगंस."

१६ सप्टेंबर, मंगळवार

निघाले. सगळी वस्ती एसटीच्या थांब्यावर. बादल्या मिळालेल्या बाया जास्त रडल्या. हिराबाई आली नाही, तिला चालवत नाही. धोंडिबाने ट्रंक टपावर चढवली, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. माझ्यासाठी की पिशवीतल्या टाकासाठी, देव जाणे.

पौडला गाडी भरली. एका बाईने माझ्या शेजारच्या जागेकडे बोट केलं, "हितं कोन बसलंय का?"

"हो," म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. ती बाई पुढे सरकली, दांड्याला धरून उभी राहिली. मग लाज वाटली. जागेवर ओटीची पिशवी होती, ती मांडीवर घेतली आणि बाईला बोलावून बसवलं. ओलं गवत, ओलं गवत. खिडकी उघडी ठेवली.

नदी लागली, मुळा. मी दुसरीकडे बघत राहिले.

१७ सप्टेंबर, बुधवार. शेवगाव

काल दिवेलागणीला पोचले. सुहास स्टँडवर. किती थकलाय तो.

नवी आई पुढच्या खोलीत, खाटेवर. एवढीशी झालीय. दारात मी उभी, मागे उजेड. तिने बघितलं आणि डावा हात अंगावरच्या गोधडीवर घट्ट दाबला.

"सगुणा. आलीस?"

सुहास पुढे झाला, "आई, अक्का आहे, आपली एस्तर," म्हणायला. मी त्याला हाताने थांबवलं.

"आले," म्हटलं.

"सुहासला नेऊ नकोस. तुझ्या पाया पडते. मला ने."

बायबल उशाशी, भिंतीवर क्रूस, आणि ही बाई त्या फोटो उतरवलेल्या भिंतीखाली आयुष्यभर अशी निजली? रोज? मला कधी कळलं नाही. मी समजत होते, माझ्या आईची आठवण या घरात फक्त माझ्याकडे आहे, आणि तीही पुसट. हिच्याकडे तर ती सगळी होती.

खाटेवर बसले. म्हटलं, "कुणालाच न्यायला आले नाही. एस्तरला बघायला आले."

ती रडायला लागली. अर्ध्या तोंडाने. "एस्तरला मी कधी उपाशी ठेवलं नाही. विचार तिला. वेणी रोज घातली. मारलं एकदा, दुधासाठी. एकदाच." मग, "तिला तुझा फोटो दाखवणार होते. धीर झाला नाही."

मी म्हटलं, चांगली वाढवलीस. माझी पोर चांगली वाढवलीस.

कोण बोललं हे प्रभू? मीच बोलले. माझाच आवाज होता.

रुमाल काढायला पिशवीत हात घातला, तर टाक बाहेर आला, दोऱ्यासकट. तिने बघितला. काय समजली कोण जाणे. ख्रिस्ती घरात जन्मलेली बाई, तिने हे कधी पाहिलेलं नसणार. की आजोळी कुणाच्या गळ्यात पाहिला असेल? हात पुढे केला. मी दिला. तिने मूठ मिटली आणि झोपली. दुपारपर्यंत जागी झाली नाही; सुहास म्हणतो, जूनपासून पहिल्यांदा अशी झोप. आजही दिवसभर मूठ तशीच. जेवण भरवलं, अंग पुसलं. मूठ देत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज हिराबाईचं ऑपरेशन. सकाळी लवकर कमलचा फोन, दवाखान्यातून. गेली. स्वतःच्या पायाने आत गेली. सगळे दागिने काढून कमलच्या पिशवीत. दारातून वळून म्हणाली, "शिस्टर पोचल्या का? दोगी?" कमलने हो सांगितलं. मग आत घेतलं.

मी भरवसा, भरवसा म्हणत माणसांच्या घरोघर फिरले. भूल दिल्यावर कोण येतंय ते कळणार नाही, हे ठाऊक असून त्या टेबलावर जाऊन निजणं हिराबाईने केलं. माझं काय, मी पेट्या बांधल्या आणि वाटणी केली. आज तरी माझ्याने पूर्ण भरवसा ठेववतोय का? दर थोड्या वेळाने फोन बघते. प्रभू, तिला सांभाळ. मंजुळालाही. सगुणालाही. ही प्रार्थना कुठल्या वर्गात बसते मला माहीत नाही, तशीच ऐक.

कमल फोन ठेवता ठेवता म्हणाली, "शिस्टर, मला ती पायजे. रातभर इचार केला. सासू काय म्हनंल ती म्हनू दे. न्हाई देव्हाऱ्यात, तर माज्या पेटीत ठिवीन. लुगडं घेतलं की दाखवीन. भेवून न्हाई. माजी आय हाय म्हनून. आई बरी झाली की मी न्यायला येते."

"ये," म्हणाले. तिचीच आहे.

मग खाटेपाशी गेले. नवी आई झोपलेली, तोंडावर कसली शांतता. डाव्या मुठीतून काळा दोरा लोंबतोय. दुपारी सुहासने माळ्यावरची जुनी पेटी उतरवली, मी सांगितलं म्हणून. आत ती फोटोची चादर आहे. अजून सोडलेली नाही. माझ्याने होत नाही, आणि तो मला विचारल्याशिवाय हात लावत नाही.

मुठीची करंगळी उघडली. गरम होती. तिने झोपेतच पुन्हा मिटली, माझ्या बोटासकट. मी बोट तसंच राहू दिलं, म्हणून हे तिरकं अक्षर.

दिवस कलला. पुण्याहून काहीच नाही. एवढा वेळ लागतो का गाठीला?

फोन बाहेरच्या खोलीत राहिलाय. वाजतोय. सुहासची हाक.

"अक्का, कमल कोण ग?"